रघुजीराजाच्या वेळची मेथी

या, बसा. पंख्याखाली नका बसू, तो नुसती गरम हवा फेकते. इकडं माठाजवळ या. तापीकाठून एवढ्या दूर आमच्या वैनगंगेला आले तुम्ही, तर रिकाम्या हातानं नाही जाऊ देत. एक गोष्ट सांगतो. आमच्या लीलाधर झाड्याची आणि त्याच्या बायकोच्या मेथीची. खोटी वाटली तर मधातच उठून जा, मला राग नाही येणार. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की शेवटी मी तुम्हाला एक काम सांगणार आहे.

तर लीलाधर. बोरटेकडीच्या वीज केंद्रात बॉयलरचा ऑपरेटर. नदीच्या या पट्ट्यात तेव्हा कोळशावरची चार केंद्रं होती. त्यात बोरटेकडीचं सगळ्यात जुनं, आणि बोरटेकडीत दोन नंबरचं युनिट सगळ्यात म्हातारं. लीलाधरला मिसरूड फुटलं तेव्हा तो त्या युनिटवर लागला आणि तिथंच त्याचे केस पिकले. बॉयलरबद्दल बोलताना तो 'ती' म्हणायचा. आज तिचा घसा बसला आहे, आज तिला ओला कोळसा पचून नाही राहिला, असं. घरी जेवतानाही हेच. त्याची बायको प्रमिला शेजारणीला सांगायची, माझी सवत भलती उंच आहे बाई, आणि तिची बिडी काही विझत नाही.

प्रमिलाचं राज्य वेगळं होतं. कॉलनीतल्या क्वार्टरमागं आठ-दहा खाटा मावतील एवढी जागा होती. जमीन कसली, मुरूम आणि राख. प्रमिलानं दर उन्हाळ्यात गावच्या बोडीतला, म्हणजे तळ्यातला, गाळ टोपल्यानं डोक्यावर वाहून आणला. त्यात शेण कालवलं, पालापाचोळा कुजवला, आणि अशी काळीभोर माती केली की त्यात बोट घातलं तर बोट उगवेल. मेथी, पालक, सांभार. तुम्ही तिकडं त्याला कोथिंबीर म्हणता. वर हिरवी जाळी, बाजूला ओली पोती, कारण ऊन असं झालं होतं की दिवाळीतही दुपारी पत्र्याला हात लावता येत नव्हता. उन्हाळ्याचं तर बोलूच नका. त्यांची पोरगी श्रावणी पुण्याला दिली होती. तिला पोरगं झालं, पण लहान लेकरांना घेऊन एप्रिल-मेमध्ये विदर्भात जाऊ नका म्हणून सरकारच सांगायचं, आणि तिच्या शाळेला मोठी सुटी नेमकी तेव्हाच, दिवाळीची सासरी जायची. मास्तरीण होती ती. आजी-आजोबांनी नातू पाहिला तो फोनच्या काचेतूनच.

आता मंडई काय असते ते सांगतो, नाहीतर तुम्हाला पुढचं समजणार नाही. आमच्या झाडीपट्टीत भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते. लेकी-जावई येतात, दुकानं लागतात, सोयरिकी जुळतात, आणि रात्री नाटक. मोठा तंबू, खरा रंगमंच, रंगवलेले पडदे. आणि पाहणारे असे की एखादं वाक्य आवडलं तर नटाला पुढं जाऊच देत नाहीत. वन्समोअर म्हणजे वन्समोअर. मेलेला राजा उठून पुन्हा मेला आहे आमच्याकडं. लीलाधर या नाटकांत काम करायचा. आवाज घोगरा, मिशा झुपकेदार, म्हणून दरसाल खलनायक. गावातल्या लेकरांना तो बॉयलरवाला म्हणून माहीतच नव्हता. त्यांच्यासाठी तो दुष्ट सावकार.

एका वर्षी मंडईत जिलबीच्या दुकानाशेजारी एक टेबल लागलं. टेबलावर जेवणाच्या डब्याएवढं यंत्र आणि मागं नूतन गेडाम नावाची एक तरुण मॅडम. वैनगंगा खोऱ्याच्या हवेसाठी सरकारनं नवं ऑफिस उघडलं होतं, त्यातली. ती म्हणाली, कोणतंही पान आणा, यंत्र त्याचं वय सांगते. मंडईत आलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे. कोणी पळसाचं पान आणलं, एकानं तर तोंडातला विडा काढून पुढं केला. यंत्राला लोकांनी तिथंच नाव दिलं, म्हातारमीटर. प्रमिलाचा भाजीचा ढीग समोरच होता. तिनं मेथीची एक काडी दिली. यंत्रानं काडी जाळली, आत लाल उजेड फिरवला आणि पडद्यावर आकडा आला. तीनशे वर्षं.

लीलाधरचा दोस्त दुर्योधन कुंभरे तिथंच उभा होता. नाव दुर्योधन, पण माणूस असा नरम की घरी कोंबडी कापायची असली तर हा रस्त्यावर जाऊन उभा राहायचा. त्यानं मनातल्या मनात वजाबाकी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, म्हणजे ही मेथी नागपूरच्या रघुजीराजाच्या वेळची आहे.

प्रमिला कमरेवर हात ठेवून टेबलासमोर गेली.

"बाई, सकाळी तोडली मी ही मेथी. रघुजीराजा आला होता का तोडायले?"

लोक हसले. मॅडम काहीतरी समजावून सांगायला गेली, पण हसण्यात कोण ऐकते. आणि हसून झाल्यावर लोक मेथी न घेताच पुढं गेले. तीनशे वर्षांची शिळी भाजी कोण घेणार. संध्याकाळी उलटंच झालं. गावातल्या एका जडीबुटीवाल्यानं सांगितलं की एवढी जुनी मेथी म्हणजे औषध, गुडघे धरले असतील तर उकळून प्या. म्हाताऱ्यांची ही रांग लागली. प्रमिलानं त्यांनाही पिटाळून लावलं. भाजी म्हणून लावली ती भाजी म्हणूनच विकेन म्हणाली, आणि उरलेला ढीग पदराखाली झाकून घरी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी गेडाम मॅडम क्वार्टरवर आली. तोंड उतरलेलं. प्रमिला तिच्याशी बोलली नाही, पण दारात आलेल्या पोरीला उपाशी कसं धाडायचं, म्हणून रागारागात तांदळाची भाकर आणि तीच मेथी वाढली. मॅडमनं दुसऱ्यांदा भाजी मागितली आणि प्रमिलाचा राग तिथंच संपला. मग मॅडमनं नीट सांगितलं. मला लीलाधरनं सांगितलं, मी तुम्हाला सांगतो.

झाड हवा खाते. हवेतला कर्ब, म्हणजे कार्बन, घेते आणि त्याचीच पानं करते. या कर्बात एक जात वेगळी असते. फार उंच आभाळात बाहेरून किरणं येऊन आदळतात, त्यातून ती तयार होते. ही जात टिकाऊ नाही, झिजत जाते. पाच-सहा हजार वर्षांत अर्धी होते. जिवंत पानात ती ताजी ताजी येत राहते, मेलेल्या लाकडात नुसती झिजते. म्हणून लाकडात ती किती उरली ते मोजलं की लाकूड किती जुनं ते समजते. पहिले याला खोलीभर मशीन लागायची, आता डब्यात आली.

आणि कोळसा म्हणजे काय, कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेलं जंगल. त्यातली ही जात कधीचीच संपली. म्हणून चिमणीतून निघते तो कर्ब सगळाच्या सगळा म्हातारा. मेथी बिचारी ताजा-म्हातारा निवडत बसत नाही, समोर येईल तो खाते. शंभर घासांतले तीन-चार घास चिमणीचे पडले की यंत्राला ती तीनशे वर्षांची दिसते. मेथी ताजीच असते. तिच्या अंगात चिमणीचा वाटा किती, एवढंच यंत्र सांगते. आणि हा कर्ब विष नाही बरं. खाल्ल्यानं काही होत नाही. तो वर हवेत साचते, गोधडीसारखा पसरते, आणि त्या गोधडीखाली आपण सगळे उकडतो, तुम्ही तिकडं आणि आम्ही इकडं.

मॅडम म्हणाली, तुमची मेथी महिन्याभरात येते, म्हणून एकेक वाफा म्हणजे एकेका महिन्याच्या हवेची साक्ष आहे, मला दर वाफ्याची एक काडी द्याल का. प्रमिला म्हणाली, जेवायला येत जा आणि घेऊन जात जा.

धूर वर जाते आणि कुठंतरी निघून जाते, असंच लीलाधर आयुष्यभर समजत आला होता. तो कुठंतरी म्हणजे बायकोच्या वाफ्यात, आणि तिथून त्याच्याच ताटात, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. चूळ भरून आला तरी तो त्या भाजीकडं पाहत उभा होता.

मग मार्गशीर्षात दोन नंबर दुरुस्तीसाठी महिनाभर बंद झालं. त्या महिन्याचा वाफा मॅडमनं मोजला. सव्वादोनशे वर्षं. प्रमिलाला इतकी मजा वाटली की ती कॉलनीभर सांगत सुटली, माझी सवत माहेरी गेली तर माझी मेथी जवान झाली.

इथून लीलाधरला वेड लागलं म्हणा, प्रेम म्हणा. पन्नाशी उलटलेला माणूस, पण युनिट सुरू झाल्यावर शिफ्टच्या आधीच जाऊन उभा राहायचा. नळ्यांवरची काजळी वाफेनं झाडायची. जिथून बाहेरची हवा चोरून आत शिरते त्या फटी शोधून बुजवायच्या. कोळसा पिठासारखा दळून राहिला की नाही ते चिमटीत घेऊन पाहायचं. तेवढ्याच विजेला कमी कोळसा लागला पाहिजे, बस. दुर्योधन त्याच्याच शिफ्टमधला. तो म्हणायचा, लोक बायकोसाठी गजरा नेतात, आमचा लीलाधर धूर कमी करून नेते. पण हसता हसता तोही फटी बुजवायला लागला. सगळी शिफ्टच लागली, मीही त्यातलाच. आणि पुढचा वाफा निघाला तो दोनशे सत्तरचा. त्या दिवशी प्रमिलानं लीलाधरच्या डब्यात भाकरीवर कच्च्या मेथीची एक जुडी ठेवली. त्यानं ती तशीच, मीठही न लावता, कंट्रोल रूममध्ये बसून सगळी खाल्ली. कडू होती. दुर्योधनला एक पान नाही दिलं.

पण होळीच्या वेळचा वाफा आला आणि आकडा पुन्हा तीनशेच्या वर.

लीलाधरला वाटलं यंत्र बिघडलं. तो सुटी टाकून थेट मॅडमच्या ऑफिसात गेला. तिथं जरा आवाजही चढवला. मॅडमनं त्याला पाणी दिलं, भिंतीवरचा नकाशा दाखवला. चार केंद्रं, मधून नदी, वाऱ्याचे बाण. मग तिनं सांगितलं ते ऐकून लीलाधर खुर्चीत खाली खाली गेला. त्यानं आणि त्याच्या शिफ्टनं जो कोळसा वाचवला, तो कोळसा त्याच रुळावरून, त्याच वाघिणींतून नदीपलीकडच्या केंद्रात गेला होता. तिथं तो जाळला गेला. उन्हाळा लागला, कूलर सुरू झाले, विजेची मागणी वाढली, त्यांनी भट्ट्या फुल केल्या. आणि तोच धूर वाऱ्यानं अलगद आणून प्रमिलाच्या वाफ्यात सोडला.

कायद्यात गोम अशी होती. एक युनिट वीज बनवताना किती धूर सोडायचा यावर लगाम होता. एकूण किती सोडायचा यावर कोणाचाच नव्हता. एका घरानं चूल बारीक करायची आणि शेजाऱ्यानं त्याच लाकडाची होळी करायची, असं. मॅडम म्हणाली, एकट्या बोरटेकडीनं हे होणार नाही. सगळ्या खोऱ्याला मिळून एकच मर्यादा पाहिजे. चारही केंद्रांचा धूर एकत्र मोजायचा, तो एवढ्याच्या वर गेला नाही पाहिजे, आणि दरसाल ती मर्यादा खाली आणायची. खरं-खोटं पाहायला झाडांची पानं आहेतच.

तसा कायदा येतही होता. पण त्यात दोन आकडे होते आणि कोणता घ्यायचा ते जनसुनावणीत लोकांना विचारून ठरणार होतं. एक आकडा ढिला. चारही केंद्रं मिळून आज जेवढा धूर सोडतात त्याहून तो मोठा होता. लठ्ठ माणसाला दोन मापं मोठा पट्टा दिला तर पोट कशाला कमी होते. दुसरा आकडा कडक. दहा वर्षांत धूर निम्मा. जुन्या राखेच्या तलावांवर सूर्याच्या विजेची तावदानं आणि मोठ्या बॅटऱ्या बसवायच्या, आणि सगळ्यात म्हातारं युनिट सगळ्यात आधी बंद करायचं.

सगळ्यात म्हातारं कोणतं ते लीलाधरला विचारावं लागलं नाही.

घरी आला तेव्हा प्रमिला वाफ्याला पाणी देत होती. त्यानं सगळं सांगितलं. नोकरीचं ठीक होतं, पगार बुडणार नव्हता, दुसऱ्या कामावर घेणार होते. पण युनिट बंद झालं की अर्धी कॉलनी रिकामी करणार होते आणि तिथं बॅटऱ्यांचं गोदाम होणार होतं. प्रमिलानं एकच शब्द विचारला, क्वार्टर? लीलाधरनं हो म्हणून मान हलवली. ती त्याच वाफ्यात पाणी सोडत राहिली, इतकं की वाफा भरून पाणी तिच्या पायावरून वाहायला लागलं.

पूर्ण पावसाळा दोघंही त्यावर बोलले नाहीत. सगळं काही बोलायचे, हे सोडून. लीलाधरला एक कळून चुकलं होतं. कडक आकड्याच्या बाजूनं तो बोलला तर त्याची 'ती' जाणार होती, आणि तीस वर्षं डोक्यावर गाळ वाहून केलेली बायकोची माती जाणार होती. नाही बोलला तर नातू फोनच्या काचेतच मोठा होणार होता. बायकोला विचारायची त्याची हिंमत होत नव्हती. ती हो म्हणाली असती तरी त्याला रडू आलं असतं आणि नाही म्हणाली असती तरी.

इकडं चारही केंद्रांच्या कामगारांनी ठराव केले. चारही ठरावांत मर्यादा मान्य, अगदी कडक मान्य. फक्त सुरुवात दुसऱ्या केंद्रापासून करा. आमच्या ठरावात नदीपलीकडचं नाव, त्यांच्या ठरावात आमचं. आमचा ठराव दुर्योधननंच वाचून दाखवला होता, आणि वाचताना त्यानं लीलाधरकडं पाहिलं नाही.

सुनावणी लागली ती नेमकी मंडईच्या दिवशी, दुपारी. साहेब लोकांनी पाहिलं, गर्दी आयती आहे, तंबू आयता आहे, खुर्च्या आहेत, माईक आहे. कशाला वेगळा खर्च. घ्या नाटकाच्या रंगमंचावरच. ते बिचारे बाहेरचे. त्यांना काय माहीत, की आमचा माणूस रंगमंचासमोर बसला की तो सभेला बसत नाही, तो नाटकालाच बसते.

मागं रात्रीच्या नाटकाचा राजवाड्याचा पडदा आधीच लागलेला होता. त्या राजवाड्यासमोर टेबल टाकून सुनावणीचे साहेब बसले, बाजूला लिहून घ्यायला एक कारकून, कोपऱ्यात गेडाम मॅडम. पहिला कंपनीचा माणूस उठला. त्यानं 'राष्ट्राच्या ऊर्जेची धमनी' असं काहीतरी जड वाक्य टाकलं, तर मागून वन्समोअर आला, आणि तो येडा खूश होऊन पुन्हा म्हणाला. एका सरपंचाच्या भाषणात मधातच पेटीवाल्यानं पेटी वाजवली. साहेब घाम पुसत शांत बसा, शांत बसा म्हणून राहिले, तर लोकांना तेही काम आवडलं.

आणि माईकवर नाव पुकारलं, लीलाधर झाडे.

तो मंचावर चढला तशी पुढची लेकरं ओरडली, सावकार आला, सावकार आला. शिट्ट्या पडल्या. लीलाधरनं टोपी काढली, माईक धरला.

"मी दोन नंबर युनिटचा ऑपरेटर. माझं म्हणणं एवढंच, साहेब. मर्यादा कडकच लावा. आन् सुरुवात आमच्या युनिटापासून करा."

तंबू हसण्यानं फुटला. सावकार स्वतःच म्हणते माझी मान कापा. असा पलटा तर कोणत्याच नाटकात नव्हता. वन्समोअर, वन्समोअर. लीलाधर म्हणाला, बाप्पा, मी खरं बोलून राहिलो. त्याचा आवाज फाटला, डोळ्यात पाणी आलं, आणि ते इतकं मनापासून आलं की लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. एकानं तर शंभराची नोट वर धरली बक्षीस म्हणून. साहेबही हसले. आणि कारकुनानं पेन खाली ठेवलं.

ते पेन खाली गेलेलं लीलाधरनं पाहिलं. त्याला वाटलं, संपलं. एवढ्या महिन्यांत गळ्यापर्यंत आलेली गोष्ट एकदा तोंडातून निघाली आणि हसण्यात वाहून गेली. आता आपण काहीही बोललो तरी ते नाटकच होणार.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं प्रमिला उठली. ती जन्मात कधी मंचावर चढली नव्हती. तिच्यासाठी मंच म्हणजे तिच्या नवऱ्याला शिव्या बसतात ती जागा. लाकडी पायऱ्या चढून ती टेबलापाशी गेली, पदराची गाठ सोडली आणि एक चावी साहेबांपुढं ठेवली.

"साहेब, हे घ्या आमच्या क्वार्टरची चावी. नाटकातली चावी खोटी राहते. ही लावून पाहा, कुलूप उघडते."

हसणं थोडं कमी झालं. ती लोकांकडं वळली. माईक तिच्यापासून दूर होता, पण तिला माईकची गरज पडली नाही.

"घरामागं माझे वाफे आहेत. या तंबूतल्या सगळ्यांनी माझी भाजी खाल्ली. ते वाफे मी सोडून राहिली. माझ्या माणसाले हसू नका."

मी त्या तंबूत लहानपणापासून बसतो, राजे मरताना पाहिले, पोरी रडताना पाहिल्या, पण असं शांत तिथं कधीच झालं नव्हतं. नोट वर धरणाऱ्यानं नोट खिशात घातली. दुर्योधन उठला. आपल्याच ठरावाचा कागद त्याच्या हातात होता, त्याची त्यानं घडी केली.

"लिहा साहेब. आमच्यापासून सुरुवात."

मग आमच्या शिफ्टचे हात वर झाले, मग कॉलनीतल्या बायांचे. आणि मागच्या रांगेतून नदीपलीकडच्या केंद्राचा एक माणूस, ज्याला आम्ही कोणी ओळखतही नव्हतो, तो उभा राहून म्हणाला, की मग दुसरा नंबर आमचा लिहा, आम्ही काही तुमच्याहून कमी नाही. त्यावर जरा हसू आलं, पण ते हसू वेगळं होतं. कारकुनानं पेन उचललं ते संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही. कोणीतरी एकानं आधी आमचं म्हणायची खोटी होती, सगळे त्याचीच वाट पाहत होते.

मंचावरून उतरताना लीलाधर हळूच म्हणाला, "चावी देताना मले विचारलं नाई."

"तुमी बोलताना मले विचारलं होतं काय?" प्रमिला म्हणाली, आणि पायरी उतरायला त्याचा हात धरला. चारचौघात धरला, झाडीपट्टीत, त्या वयात.

कडक आकडा मंजूर झाला. दोन पावसाळ्यांनंतर दोन नंबर बंद झालं. त्या दिवशी लीलाधर बॉयलरच्या भिंतीला हात लावून उभा राहिला, भिंत गार होईपर्यंत. प्रमिला दारापर्यंत गेली होती छत्री घेऊन. तिनंही आत येऊन हात जोडले. म्हणाली, सवत होती, पण आपली पोरगी हिनंच शिकवली.

क्वार्टर सोडताना एक गंमत झाली. घर सरकारचं होतं, जमीन सरकारची होती, पण वरची हातभर माती प्रमिलाची होती, हे सगळी कॉलनी जाणत होती. सकाळी उठून पाहते तर दुर्योधनसकट अख्खी शिफ्ट टोपली घेऊन दारात उभी. त्यांनी ती माती खरवडून गावातल्या नव्या घरामागं नेऊन पसरली. लीलाधर म्हणाला एवढी राख उचलली आयुष्यभर, एकदा माती उचलू.

ऊन लगेच कमी झालं असं काही सांगत नाही तुम्हाला. ती गोधडी चढायला शंभरावर वर्षं लागली, ती अशी एका झटक्यात नाही निघत. नातू आता हिवाळ्यात चार दिवस येऊन जाते, उन्हाळ्यात अजून नाही. पण आमच्या खोऱ्यातला धूर ठरल्याप्रमाणं दरसाल उतरून राहिला आहे, आणि कोणाच्या घरी अंधार झाला नाही.

फक्त मागच्या महिन्यात गेडाम मॅडम आली होती जेवायला, ती एक सांगून गेली. आमच्याकडचा धूर कमी झाला, त्यातला काही बंद झाला, पण काही नुसता घर बदलून गेला. आमच्याकडं कमी पडते ती वीज आता तुमच्याकडून येते, आणि तुमच्या वीज केंद्राच्या भट्ट्या जास्त जळून राहिल्या. तुमच्या तापीकाठच्या केळीचं पान तिनं मोजलं होतं. किती निघालं ते तुम्ही तिलाच विचारा, तुमच्या केळीला मी कशाला नावं ठेवू. नदीपलीकडं कोळसा पळाला होता ना, तसंच हे, फक्त नदी मोठी.

तर काम हे आहे. तुमच्या खोऱ्याची सुनावणी पौषात लागली आहे. तुमच्याकडं तंबू नसेल, पेटी वाजणार नाही, नुसता हॉल असेल आणि अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. तिथं प्रत्येक जण उठून म्हणेल, की मर्यादा चांगली, पण आधी शेजाऱ्याला लावा. तुम्ही जाजा. एकटे नका जाऊ, वहिनींना घेऊन जाजा. नाव पुकारलं की उठजा आणि म्हणजा, कडक लावा, आणि सुरुवात आमच्यापासून करा. कोणी हसलं तर हसू द्या, पेन खाली ठेवू देऊ नका. एवढं कराल ना आमच्यासाठी?